बारा तास भूल, तीही पालथं झोपवून?

प्रश्न : माझे थोरले बंधू (वय ४६, शेती) दोन वर्षांपासून कंबरेच्या खाली दुखतं म्हणत होते. बसलं की जास्त, चाललं की कमी. मणक्याची झीज म्हणून गोळ्या झाल्या, शेक झाला, मालिश झाली. शेवटी एमआरआयमध्ये माकडहाडाच्या वरच्या हाडात गाठ दिसली. सुईने तुकडा काढून तपासला तर ‘कॉर्डोमा’ असं नाव निघालं. मुंबईला टाटा हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन करायचं चाललं आहे. दहा-बारा तास लागू शकतात, पालथं झोपवून करावं लागेल आणि रक्त बरंच लागेल, असं सांगितलं. आमच्याकडे सिझेरियनला, हर्नियाला कंबरेत सुई देतात, तशीच ही भूल असते का? एवढा वेळ पालथा पडलेला माणूस श्वास कसा घेतो? मध्येच जाग आली तर? आणि एकदा इंजेक्शन देऊन झाल्यावर भूलतज्ज्ञ एवढा वेळ करतात तरी काय?
— एक वाचक, हिवरा आश्रम, ता. मेहकर, जि. बुलडाणा

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत. माणसाला झोपवायला एक-दोन मिनिटं पुरतात. त्यानंतर त्याचं शरीर जी कामं आपसूक करत होतं, ती सगळी भूलतज्ज्ञाच्या अंगावर येतात. श्वास घेणं, रक्तदाब टिकवणं, अंग ऊबदार ठेवणं, डोळ्यात काही गेलं की पापणी मिटणं, एका अंगाला रग लागली की कूस बदलणं. शेवटची दोन तुम्हाला किरकोळ वाटतील, पण पालथ्या पेशंटच्या बाबतीत भूलतज्ज्ञाला घोर असतो तो त्यांचाच.

भूल देऊन झालेलं पहिलं गाजलेलं जाहीर ऑपरेशनही गाठीचंच होतं. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने एका तरुणाला ईथर हुंगवलं आणि जॉन वॉरन या सर्जनने त्याच्या मानेवरची गाठ कापली. सगळं काही मिनिटांत आटोपलं. पुढे क्लोरोफॉर्म आला आणि त्याबरोबर टेबलावर माणसं दगावू लागली. दगावतात ती श्वास थांबून की हृदय थांबून, यावर मोठा वाद पेटला. तो सोडवायला १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादेत निजामाच्या पाठबळावर दोन आयोग बसले. तुमचा बुलडाणा जिल्हा धरून सगळं वऱ्हाड तेव्हा इंग्रजांच्या कारभाराखाली होतं, पण कागदावर मुलूख निजामाचाच होता. हैदराबादचे डॉ. एडवर्ड लॉरी सांगत, श्वासावर नजर ठेवा, नाडी धरून बसू नका. आयोगाने त्यांचीच बाजू उचलून धरली. पुढच्या काळात मात्र क्लोरोफॉर्मने हृदयही थेट बंद पडतं हे सिद्ध झालं. याच लॉरींच्या हाताखाली तयार झालेल्या रूपाबाई फर्दुनजी या आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ मानल्या जातात. आज श्वास आणि हृदय दोन्ही क्षणाक्षणाला पडद्यावर दिसतात, म्हणूनच बारा तासांच्या ऑपरेशनचा विचार तरी करता येतो.

आता भावाच्या गाठीकडे येऊ. कण्याच्या तळाशी पाच मणके एकमेकांना जुळून एक पाचरीसारखं हाड होतं, त्याला त्रिकास्थी म्हणतात. त्याच्या खाली माकडहाड. कॉर्डोमा ही गाठ इथे का येते, तर आईच्या पोटात कणा घडत असताना त्याच्या जागी दोरीसारखा एक भाग असतो. तो पुढे विरून जातो, पण त्याचे काही कण मागे राहतात आणि एखाद्याच्या बाबतीत पन्नाशीच्या आसपास ते वाढू लागतात. साधारण दहा लाख माणसांत वर्षाला एखाद्यालाच हा आजार होतो आणि अशा गाठींपैकी जवळपास निम्म्या त्रिकास्थीच्या भागात असतात. ही गाठ सावकाश वाढते. बसताना दुखतं, म्हणून मूळव्याध नाहीतर मणक्याची झीज समजून वर्ष-दोन वर्षं जातात. तुमच्या भावाचं झालं ते बहुतेकांचं होतं. नेहमीच्या केमोथेरपीला ती फारशी दाद देत नाही. गाठ न फोडता, भोवतालच्या निरोगी भागासकट एकसंध काढणं हाच खरा इलाज. म्हणून ऑपरेशन एवढं मोठं.

कंबरेतली सुई इथे का चालत नाही, ते आता लक्षात येईल. ती भूल दोन-तीन तास टिकते, इथे दहा लागतात. शिवाय जिथे कापायचं, त्याच्याच शेजारून सुई घालावी लागेल. आणि पालथा पडलेला माणूस शुद्धीवर असताना अर्ध्यात सुईचा असर उतरला, रक्तदाब कोसळला, तर त्याच्या घशात नळी घालणं फार कठीण. तेव्हा पूर्ण भूल आणि श्वासनलिकेत नळी, आणि तीही उताणं असतानाच. जाता जाता एक सांगून टाकतो. कंबरेत सुई घेतली की जन्माची कंबर धरते, हा समज आपल्याकडे घरोघरी आहे. तो खरा नाही.

नळीचा विषय निघाला म्हणून कळकळीने विचारतो : भाऊ तंबाखू, गुटखा किंवा खर्रा खातात का? वर्षानुवर्षं सुपारी-गुटखा खाणाऱ्यांच्या गालाची आतली कातडी ताठरते आणि तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही. अशा पेशंटच्या घशात नेहमीच्या पद्धतीने नळी जात नाही. तो जागा असताना नाकावाटे दुर्बिणीवर नळी चढवून न्यावी लागते. हे आधी कळलं तर तयारी होते, भूल दिल्यावर कळलं तर जिवावर बेतू शकतं. तपासणीच्या वेळी भूलतज्ज्ञ ‘तोंड उघडा, मान मागे न्या, जीभ काढा’ म्हणतात ते याचसाठी. घरच्यांसमोर लाजून भाऊ तंबाखूचं लपवतील, तर तुम्ही सांगा. रक्तदाबाच्या, साखरेच्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, एखाद्या वैद्याचा काढा, दुखण्यावर गावात मिळालेली पुडी, सगळं पिशवीत घालून घेऊन जा आणि टेबलावर ओता. कुठली गोळी कधी थांबवायची हे तेच ठरवतील. उपाशी राहण्याचंही तसंच. साधारणपणे हलकं खाणं सहा तास आधी, तळलेलं-जड आठ तास आधी बंद, आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. पण तुम्हाला लिहून दिलेली वेळ वेगळी असेल तर तीच पाळा. ‘एवढा चहा घेऊन टाक’ म्हणणारा नातेवाईक प्रत्येक वॉर्डात असतो, त्याचं ऐकू नका.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पुष्कळदा आणखी एक काम होतं. जांघेतून बारीक नळी रक्तवाहिनीत सरकवतात आणि गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आतून बुजवतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी गाठ कमी वाहते. प्रत्येक गाठीला हे लागतंच असं नाही. गाठ त्रिकास्थीच्या वरच्या भागात असेल तर आधी पोटाच्या बाजूने उघडून मोठ्या रक्तवाहिन्या बांधाव्या लागतात आणि मग पालथं करून मागून गाठ काढतात. खालच्या भागातली असेल तर मागूनच जमतं.

थिएटरमध्ये पेशंट झोपल्यावर मनगटाच्या धमनीत एक बारीक नळी जाते, तिच्यामुळे रक्तदाब प्रत्येक ठोक्यागणिक पडद्यावर दिसतो. मानेतल्या मोठ्या शिरेत एक नळी आणि हातांवर दोन जाड सुया, कारण रक्त भरायची वेळ आली की ते धो धो जावं लागतं. लघवीची नळीही लागते, तासाला लघवी किती झाली त्यावरून मूत्रपिंडाला रक्त पोचतंय की नाही ते समजतं. श्वासनलिकेतली नळी तारेच्या वेटोळ्याची घेतात, मुडपली तरी बंद होत नाही अशी. मग येतो पालथं करण्याचा क्षण.

पेशंट ट्रॉलीवर उताणा, शेजारी टेबल. डोकं, मान आणि नळी भूलतज्ज्ञाच्या हातात. दोन्ही बाजूंना दोन-दोन माणसं, पायाशी एक. क्षणभर श्वासाचं यंत्र नळीपासून सोडवतात, भूलतज्ज्ञ आकडे मोजतो आणि त्याच्या हुकमावर सगळे मिळून पेशंटला एकसंध वळवतात, मान किंवा कंबर पिळू न देता. लगेच यंत्र जोडायचं, छातीला दोन्ही बाजूंना हवा जाते का ते ऐकायचं, सगळ्या नळ्या जागेवर आहेत का ते बघायचं. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटं नुसतं अंग चाचपणं चालतं. छातीखाली आणि ओटीपोटाच्या हाडाखाली गाद्या, पोट मात्र मोकळं लोंबतं. पोट दाबलं गेलं तर कण्याभोवतीच्या शिरांमध्ये रक्त तुंबतं, कारण त्या शिरांना झडपा नसतात, आणि मग तिथे सुरी लावली की रक्त थांबता थांबत नाही. दंड खांद्यापासून काटकोनापेक्षा जास्त वर नेत नाहीत, नाहीतर बगलेतल्या नसा ताणल्या जातात. कोपर, गुडघा, घोटा, प्रत्येक हाडाखाली मऊ गादी. हे सगळं आटोपल्याशिवाय सर्जनच्या हातात सुरी पडत नाही. रिकामी ट्रॉली मात्र दाराशीच उभी ठेवतात, मध्येच पेशंटला उताणं करायची वेळ आली तर तिच्यासाठी धावाधाव नको म्हणून.

श्वासाची काळजी करू नका. यंत्र श्वास देतं आणि बाहेर पडणाऱ्या हवेतला कार्बन डायऑक्साइड सतत मोजला जातो, त्यामुळे नळी जरा हलली तरी पडदा बोंब मारतो. शिवाय पोट मोकळं ठेवलं तर पालथ्या माणसाच्या फुप्फुसात प्राणवायू उलट बरा मिसळतो. करोनाच्या काळात पेशंटना पालथं झोपायला सांगत होते, ते याच कारणासाठी.

खरा घोर डोळ्यांचा. बुबुळावर दाब पडला तर नजर जाते, म्हणून पापण्या चिकटपट्टीने मिटून तोंड मधोमध पोकळ असलेल्या उशीत ठेवतात आणि दर थोड्या वेळाने हात घालून डोळे चाचपतात. पण दाब न पडताही, लांबलेल्या आणि खूप रक्त गेलेल्या ऑपरेशनात डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा तुटून दृष्टी जाऊ शकते. फार क्वचित होतं, पण झालं की बहुधा परत येत नाही. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ पासून अशा घटनांची नोंद ठेवायला सुरुवात केली आणि त्यातून धोका वाढवणाऱ्या गोष्टी समजल्या : लठ्ठपणा, लांबलेला वेळ, जास्त रक्तस्राव. म्हणून डोकं हृदयाच्या पातळीला किंवा किंचित वर ठेवतात. पूर्वी रक्त कमी जावं म्हणून रक्तदाब मुद्दाम खाली आणत. मला विचाराल तर अशा ऑपरेशनात ही युक्ती महागात पडणारी आहे आणि आजकाल बहुतेक भूलतज्ज्ञ सरासरी रक्तदाब साठ-पासष्टच्या खाली उतरू देत नाहीत, तेच बरं.

आता रक्त. साठ किलोच्या माणसाच्या अंगात साधारण सव्वाचार लिटर रक्त असतं. त्रिकास्थीच्या मोठ्या ऑपरेशनात कधीकधी तेवढं सगळं जाऊन बदलावं लागतं. किती गेलं हे डोळ्यांच्या अंदाजाने ठरवत नाहीत. शोषून घेतलेलं बरणीत मोजतात आणि भिजलेले कापडाचे मॉप वजनकाट्यावर टाकतात. कोऱ्या मॉपच्या वर जेवढे ग्रॅम, तेवढे मिलिलिटर रक्त. नर्स वजन सांगते, भूलतज्ज्ञ लिहितो आणि पिशवी लावतो. नुसत्या लाल पेशी दिल्या तर भागत नाही, कारण त्यांत रक्त गोठवणारे घटक नसतात. म्हणून लाल पेशींच्या जोडीला प्लाझ्मा आणि प्लेटलेट जवळपास सारख्या प्रमाणात जातात. रक्तपेढीत लाल पेशी दोन ते सहा अंश सेल्सियसला ठेवलेल्या असतात. तशाच भराभर चढवल्या तर अंग गार पडतं, गार रक्त गोठत नाही, न गोठल्याने आणखी वाहतं, रक्तातलं आम्ल वाढतं आणि त्याने गोठणं आणखी बिघडतं. या फेऱ्यात सापडलेला पेशंट बाहेर काढणं फार अवघड, म्हणून प्रत्येक पिशवी गरम करणाऱ्या यंत्रातून जाते आणि अंगावर गरम हवेची रजई असते. पिशवीत रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेलं असतं. ते पेशंटच्या रक्तातलं कॅल्शियम बांधून टाकतं, तेव्हा कॅल्शियमही भरत राहावं लागतं. दर तास-अर्ध्या तासाने धमनीतलं रक्त तपासून हे आकडे जुळवत बसणं, हे तुमच्या ‘करतात तरी काय’चं मोठं उत्तर आहे.

रक्तस्राव आटोक्यात ठेवायला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड नावाचं स्वस्त औषध आता सर्रास देतात. जपानच्या डॉ. उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायकांसाठी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते शोधलं. वाहिलेलं रक्त गोळा करून, धुऊन त्याच पेशंटला परत देणारं यंत्रही असतं, पण गाठीच्या ऑपरेशनात त्याबरोबर कर्करोगाच्या पेशी अंगात पसरतील या भीतीने ते बहुधा वापरत नाहीत.

मध्येच जाग येण्याची भीती. ब्रिटन-आयर्लंडमधल्या २०१४ च्या मोठ्या पाहणीत पूर्ण भूल दिलेल्या सुमारे १९ हजारांत एका पेशंटने जाग आल्याचं सांगितलं. स्नायू ढिले करणारं औषध दिलेल्यांत ते प्रमाण जास्त होतं, कारण तशा माणसाला जाग आली तरी हलून सांगता येत नाही. तुमच्या भावाच्या बाबतीत नळी घातल्यानंतर ते औषध बहुधा टाळतील, कारण नसांची चाचणी सुरू ठेवायची असते. डोक्यावरून वीज देऊन पायांच्या आणि गुदद्वाराच्या स्नायूंत हालचाल उमटते का ते बघतात. स्नायू ढिले असतील तर उत्तरच येणार नाही. हुंगण्याच्या भुलीनेही ते उत्तर मंदावतं, म्हणून प्रोपोफॉल आणि फेन्टॅनिलसारखी औषधं शिरेतून पंपावर चालू ठेवतात. कपाळावर मेंदूच्या लहरी टिपणारी पट्टी असते, तिचा आकडा ४० ते ६० च्या दरम्यान राहिला की झोप पुरेशी गाढ आहे असं धरतात.

त्या नसांची एवढी चिंता कशाला? त्रिकास्थीच्या भोकांतून बाहेर पडणाऱ्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या नसांवर लघवीचा, शौचाचा ताबा आणि लैंगिक क्रिया अवलंबून असते. दोन्ही बाजूंच्या दुसऱ्या नसा राहिल्या आणि तिसरी निदान एका बाजूची वाचली, तर बऱ्याच पेशंटना ताबा बराचसा परत मिळतो. दोन्हीकडच्या दुसऱ्या नसाच गेल्या, तर तो जातो. गाठीत अडकलेली नस वाचवायला गेलं तर गाठ मागे राहते, त्यामुळे कधीकधी ती जाणूनबुजून कापावी लागते. ‘भाऊ शुद्धीवर येतील ना’ हे सगळेच विचारतात. तुम्ही सर्जनला विचारा : कोणत्या नसा जाणार, लघवीची नळी स्वतः घालायला शिकावी लागेल का, शौचासाठी पोटावर पिशवी लागेल का. ही उत्तरं भावाला आणि वहिनींना ऑपरेशनच्या आधी माहीत असली पाहिजेत. नंतर अचानक कळलं की माणूस मोडून पडतो.

ऑपरेशन संपल्यावर भाऊ लगेच बोलतील अशी अपेक्षा धरू नका. इतके तास पालथं राहिल्याने तोंड, ओठ, जीभ सुजतात, चेहरा ओळखू येणार नाही इतका. घशाची सूज उतरेपर्यंत बहुधा रात्रभर नळी तशीच ठेवतात आणि आयसीयूत यंत्रावर श्वास चालू असतो. हे ठरवून केलेलं असतं, काही बिघडलं म्हणून नव्हे. सूज एक-दोन दिवसांत उतरते. दुखणं मोठं असतं, पण पेशंटने स्वतः बटण दाबून औषध घ्यायचा पंप मिळतो. ‘सवय लागेल’ म्हणून त्यांना बटण दाबण्यापासून अडवू नका. जखम बसण्याच्या जागी असल्याने काही दिवस पाठीवर टेकता येत नाही.

टाटा हॉस्पिटल परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. गेल्यावर आधी तिथल्या समाजसेवा विभागात जा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते विचारा. राहण्यासाठी दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेचा आणि परळच्या नाना पालकर स्मृती समितीचा आसरा असतो, पण जागेसाठी लवकर नाव घालावं लागतं.

एक मागणं तुमच्या गावाकडे. शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या विवेकानंद आश्रमामुळे हिवऱ्याला सेवेची सवय आहे, विवेकानंद जयंतीच्या पुरी-वांग्याच्या महाप्रसादाला पंगतीत वाढायला पंचक्रोशीतली माणसं धावून येतात. तशीच माणसं रक्तालाही लागतात, पण सगळी एका दिवशी नकोत. लाल पेशी पाच-सहा आठवडे टिकतात, प्लेटलेट मात्र फक्त पाच दिवस. एका शिबिरात जमलेल्या पिशव्या दोन महिन्यांनी ऑपरेशन होणाऱ्याच्या कामी येत नाहीत. १८ ते ६५ वयाच्या, ४५ किलोच्या वर वजन आणि साडेबारा ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या धडधाकट माणसाला रक्त देता येतं, पुरुषांना ९० दिवसांनी आणि स्त्रियांना १२० दिवसांनी पुन्हा. गावातल्या मंडळींची नावं बारा महिन्यांवर वाटून घ्या आणि ती यादी जवळच्या रक्तपेढीत नेऊन द्या.